‘विहिरीत ढकला, भीती जाईल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर), म्हणजे चहूबाजूंनी संगणकातलं दृश्य उभं करणारा चष्मा लावून उंचीची, कोळ्याची किंवा विमानाची भीती कमी करता येते असं म्हटलं, की तीच चार वाक्यं ऐकू येतात आणि लोक ती शहानिशा न करता एकमेकांना पाठवत राहतात. ‘खोट्या दरीनं खरी भीती जात नाही. चित्र हुबेहूब नसेल तर सगळं फुकट. पोहायला शिकवायचं तर पोराला विहिरीत ढकलतात, भीतीचंही तसंच. आणि असलं ॲप कुणीही प्रोग्रामर महिन्याभरात करून देईल.’ चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि तिसऱ्यानं तर माणसांचं नुकसान होतं.

आधी खोटी दरी घेऊ. १९९५ साली अमेरिकेत अटलांटात मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम, संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकातल्या पुलांवर, बाल्कन्यांत आणि काचेच्या लिफ्टमध्ये नेलं. तरीही विद्यार्थ्यांना घाम फुटला, गुडघ्यांतलं बळ गेलं. उपचार पूर्ण केलेल्या दहापैकी सात जण पुढे कुणी सांगितलं नसताना आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमला पॉल एमेलकाम्प यांच्या गटानं याहून चोख तुलना केली. ३३ रुग्णांपैकी काहींना खऱ्या मॉलमध्ये, आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यावर आणि गच्चीवरच्या बागेत नेलं. बाकीच्यांना त्याच जागांच्या संगणकातल्या प्रतिकृतींत. दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला आणि सहा महिन्यांनंतरही तो टिकून होता. समोरची दरी खोटी आहे हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, पण तळपायांना ते पटत नाही. उपचाराचा सगळा आधार तोच आहे.

हुबेहूब चित्राचा मुद्दा इथेच निकालात निघतो. १९९५ ची चित्रं आजच्या मोबाइलवरच्या गेमपुढेही ओबडधोबड होती. आपण मान वळवल्याबरोबर दृश्य वळलं पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं. त्यात जाणवण्याइतका उशीर झाला किंवा आपण उभे असताना दृश्य आपोआप पुढे सरकलं, की मळमळ सुरू होते. आता बघा, मळमळीत घाम येतो, डोकं गरगरतं, जीव घाबरा होतो. भीतीतही हेच होतं. असं ॲप रुग्णांवर तपासून बघणाऱ्यानं, म्हणजे चाचणी घेणाऱ्यानं, दोन्हींतला फरक आधी ओळखला नाही, तर चष्म्याचा दोष रुग्णाच्या भीतीच्या खात्यावर लिहिला जातो. म्हणून आधी माणसाला साध्या, सपाट खोलीत काही मिनिटं उभं करून बघावं लागतं. तिथेही गरगरत असेल तर दरी दाखवायची वेळ अजून आलेली नाही.

आता विहीर. ज्यांनी गावात पोहायला शिकवताना पाहिलंय त्यांना हे माहीत असायला हवं: पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधत, कमरेला दोर असे आणि काका किंवा मोठा भाऊ आधीच पाण्यात उतरलेला असे. भोपळा कधी सोडायचा हे पोराचा दम बघून ठरे. नुसतं ढकलून दिलेली काही पोरं पुढे विहिरीच्या काठालाही जायला घाबरतात. फोबियाच्या, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अवाजवी भीतीच्या, उपचारात एकाच बैठकीची पद्धतही आहे. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्त यांनी ती मांडली, आणि ती तीन तासांपर्यंत चालते. पण तिथेही उपचार करणारा आधी स्वतः करून दाखवतो आणि रुग्णाच्या होकाराशिवाय एक पाऊल पुढे टाकत नाही.

म्हणून व्हीआरमध्ये पुढच्या मजल्यावर जायचं बटण रुग्णाच्याच हातात हवं, आणि थांबायचं बटण चाचपडूनही सापडायला हवं. मजला चढण्याआधी ‘काय होईल असं वाटतं?’ हे विचारायला हवं. ‘कठडा तुटेल’ म्हणणाऱ्याचा कठडा तुटला नाही, हे त्यानं स्वतः अनुभवलं तरच काही शिकणं होतं. यात चाचणी घेणाऱ्याला चकवणारी एक गोष्ट आहे. रुग्णाला काय दिसायला हवं ते आपल्याला बाहेरच्या पडद्यावर कळतं, पण त्यानं डोळे मिटून घेतलेत का ते कळत नाही. दहा मिनिटं शांत उभा राहिलेला माणूस ती दहाही मिनिटं डोळे घट्ट मिटून उभा असू शकतो. ‘खाली रस्त्यावर काय चाललंय?’ असं सहज विचारलं की उलगडा होतो.

आणि महिन्याभरात ॲप करून देणारा प्रोग्रामर? तो चाचणी बहुधा ऑफिसातल्या पाच सहकाऱ्यांवर घेईल. बटणं नीट दिसतात का हे त्यांतून कळेल. पण उंचीला न घाबरणाऱ्या पाच जणांकडून भीतीबद्दल काहीच कळणार नाही. ऑक्सफर्डमध्ये डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं ‘गेमचेंज’ हा कार्यक्रम केला. सायकोसिसमुळे (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारामुळे) ज्यांना घराबाहेर पडणं जड जातं त्यांच्यासाठी तो होता. कॅफे, दुकान, बस, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली ही दृश्यं त्या अनुभवातून गेलेल्या माणसांना सोबत बसवून घडवली, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ३४६ रुग्णांवर झाली. त्याच गटाच्या २०१८ च्या अभ्यासात उंचीला घाबरणारे १०० जण होते. उपचार मिळालेल्या गटाला दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या साधारण सहा बैठका द्यायच्या होत्या, मार्गदर्शनही संगणकातल्याच प्रशिक्षकाचं होतं, आणि या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. इतक्या तयारीनंतरच माणूस-डॉक्टर बाजूला ठेवता आला.

‘श्रीमंतांचं खेळणं’ असंही कुणी म्हणतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये १९३ जणांवर अभ्यास झाला. त्यात मोबाइल आणि पुठ्ठ्याचा साधा चष्मा वापरला होता, आणि फायदा दिसला.

एवढं खरं की ॲप-स्टोअरवर फोबियाच्या नावानं मिळणाऱ्या प्रत्येक ॲपमागे असं काम असेलच असं नाही. असं ॲप कुणी तुमच्यापुढे ठेवलं तर त्याला जरूर विचारा: घाबरणाऱ्या किती माणसांनी हे वापरलं, मध्येच किती जणांनी सोडलं, आणि चष्मा काढल्यावर त्यांतले किती जण खऱ्या गच्चीच्या कठड्यापर्यंत गेले?