ऑनलाइन दुकानाचा ब्लॉग : कुणीही वाचू नये म्हणून काय काय करावे

दुकान ऑनलाइन झालं. लोगो झाला, पेमेंट गेटवे जोडला, कुरिअरवाल्याशी दरावरून घासाघीस झाली, पाऊच सील करायचं मशीन आलं. आता पुतण्या म्हणतो, “काकू, ब्लॉग पाहिजे. गूगलवरून गिऱ्हाईक येतं.” पुतण्या खोटं बोलत नाही. पण गिऱ्हाईक आलं की पार्सलं बांधणं आलं, पिनकोड तपासणं आलं, परत आलेला माल मोजणं आलं. ब्लॉग तर असावा, पण त्यानं कुणाला त्रास होऊ नये, अशी मधली वाट हवी असेल तर पुढचं नीट वाचा. उदाहरणाला मालवणी मसाल्याचं दुकान घेतलंय. लालबागच्या मसाला बाजारातून मिरच्या आणायच्या, डंकावर कुटायच्या आणि डोंबिवलीपासून विरारपर्यंत पाठवायच्या. तुमचं दुकान साड्यांचं किंवा कोल्हापुरी चपलांचं असेल तर तेवढा शब्द बदला. बाकी सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

पहिला प्रश्न जागेचा. ब्लॉग दुकानाच्याच पत्त्याखाली मुळीच ठेवू नका. तिथं ठेवला तर लेख वाचणारा एका टिचकीत मसाल्याच्या पानावर पोचतो, आणि कुणी लेखाचा दुवा दिला तर त्याचं श्रेय तुमच्याच डोमेनच्या खात्यात जमा होतं. त्यापेक्षा कुठल्यातरी फुकटच्या साइटवर वेगळा ब्लॉग काढा. दुसऱ्याच्या ओसरीवर रांगोळी काढायची आणि आपल्या दारात पाहुणे का येत नाहीत म्हणून वाट बघत बसायचं.

तरीही दुकानातच हवा असेल तर हरकत नाही, बिघडवायला तिथंही वाव आहे. शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान तयार करून देणाऱ्या सेवेवर, दुकान असेल तर ब्लॉग तयारच मिळतो आणि त्याचं नाव ‘न्यूज’ असतं. ते तसंच ठेवा. मसाल्याच्या दुकानात बातमी कसली, असं विचारणारे विचारोत. पत्त्यातला ‘ब्लॉग्ज’ हा तुकडा काढता येत नाही, पण ‘न्यूज’च्या जागी ‘मसाला’ करता येतं. पहिल्याच दिवशी केलं तर काही मोडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी करायचं नाही. चाळीस लेख झाले, सोसायटीच्या आणि भिशीच्या ग्रुपवर दुवे फिरले, की मग बदलायचं, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं रीडायरेक्ट विसरायचं. सगळे जुने दुवे एका रात्रीत ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’वर, जातात.

वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स असेल तर तुमचं नशीब आणखी जोरावर. ‘हॅलो वर्ल्ड’ नावाचा नमुन्याचा लेख आपोआप आलेला असतो, तो राहू द्या. सगळे लेख ‘अनकॅटेगराइज्ड’ या वर्गात टाका आणि लेखकाचं नाव ‘अ‍ॅडमिन’ असू द्या. मसाला कोण कुटतं, किती वर्षं कुटतं, हे गिऱ्हाइकाला कशाला कळायला हवं? पण खरी किल्ली आहे सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर. शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये, अशी विनंती करणारा एक चौकोन तिथं असतो. साइट बांधणारा मुलगा काम चालू असताना त्यावर टिक करतो, पैसे घेऊन जातो, आणि टिक तिथंच राहते. प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’चा शिक्का बसतो आणि गूगल मुकाट्यानं माघारी फिरतं. त्या एका टिकमुळे दुकानं वर्षभर अंधारात राहतात आणि मालक “स्पर्धा फार वाढली” म्हणत राहतो. सेटिंग्ज उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो. बघू नका.

आता मराठी असल्याचा अभिमान पत्त्यात दिसायलाच हवा. लेखाचं नाव समजा ‘घरगुती मालवणी मसाला वर्षभर कसा टिकवावा’. वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, हे सगळं यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हं होतात. म्हणजे एका कान्याला नऊ. ‘मसाला’ एवढ्या शब्दाला पंचेचाळीस. या भागाची वर्डप्रेसमधली मर्यादा २०० चिन्हांची. त्यामुळे वरचा पत्ता ‘घरगुती-मालवणी-मसाला-वर्ष’ इथंच तुटतो. उरलेला ‘भर कसा टिकवावा’ कुणाच्या वाट्याला येत नाही. वर तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बहुतेक वेळा टक्क्यांची आणि आकड्यांची अशी माळ उमटते की वाचणाऱ्याला वाटावं, हा बँकेचं खातं रिकामं करणारा दुवा आहे. रोमन अक्षरांत तीन शब्दांचा पत्ता हातानं टाकला असता तर हे टळलं असतं. पण मग बाणा कुठं राहिला?

मजकूर शक्यतो डीटीपीवाल्याकडून करून घ्या. पत्रिका आणि लेबलं तोच करतो ना? त्याच्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव असतं. जुन्या पद्धतीच्या त्या फाँटमधला मजकूर त्याच्या पडद्यावर मराठी दिसतो, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो वेबवर चिकटवला की मसाल्याच्या पाककृतीचा गुप्त संदेश होतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घेणारी साधनं आहेत. त्यांच्या नादी लागू नका. त्याऐवजी आख्ख्या लेखाचं चित्र करा, लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात समई. ते फोनवर वाचायला दोन बोटांनी ताणावं लागतं, दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही, आणि पर्यायी मजकुराची, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायची, चौकट रिकामी ठेवली की गूगललाही त्यातून फारसं काही हाती लागत नाही. तिहेरी फायदा.

फोटोंचंही तसंच. फोनमधून काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. बाराशे पिक्सेल रुंदीचा, वेबपी स्वरूपातला दीडशे केबीचा फोटो पडद्यावर तितकाच चांगला दिसतो, पण पाच एमबीची ऐट त्यात नाही. लेखात असे आठ टाका. गूगलच्या मते पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये एका हातानं कडी धरून उभं असतं. तुमची मिरची पडद्यावर वरून खाली उलगडेपर्यंत मुंब्रा जातं.

लिहिण्याचं म्हणाल तर सुरुवात ठरलेली आहे: ‘आजच्या धावपळीच्या युगात…’. त्यानंतर ‘मसाला हा भारतीय स्वयंपाकाचा आत्मा आहे’. मग चार परिच्छेद मसाल्यांच्या प्राचीन इतिहासावर, व्यापारी गलबतांवर. डंकाचं, मिरचीचं नाव येईपर्यंत वाचणारा निघून गेलेला असतो. ‘मालवणी मसाला मुंबई’ हे शब्द प्रत्येक वाक्यात बसवा: मालवणी मसाला मुंबईत घ्यायचा तर मालवणी मसाला मुंबईतल्या आमच्या मालवणी मसाला मुंबई दुकानात. कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्येही, म्हणजे पानाच्या पोटात वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या यादीतही, पन्नास शब्द भरा. शोधनिकालांसाठी आपण तो टॅग बघतच नाही, असं गूगलनं २००९ साली जाहीर केलं. तेवढ्यावर जुनी रीत सोडायची काय?

वेळ नसेल तर एखादा इंग्रजी लेख उचला आणि मशीनकडून मराठीत उतरवा. चक्रीफुलाला इंग्रजीत स्टार अ‍ॅनिस, त्याची ‘तारा बडीशेप’ होईल. दगडफुलाचं स्टोन फ्लॉवरमार्गे ‘दगडी फूल’ होईल. आणि नागकेसर? त्याला इंग्रजीत कोब्रा सॅफ्रन असंही नाव आहे. ‘अर्धा चमचा कोब्राचे केशर भाजून घ्या’ हे वाक्य तुमच्या दुकानाच्या नावाखाली झळकलं की लालबागमध्ये तुमची कीर्ती होईल, तिच्यासाठी जाहिरात लागणार नाही. जमल्यास असे दोनशे लेख एका रात्रीत टाका. घाऊक पाडलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध गूगलनं मार्च २०२४ मध्ये वेगळा नियम केलाय, त्यात सगळी साइट शोधात एकदमच खाली जाऊ शकते. एकेक लेख पाडत बसण्यापेक्षा बरं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक रोज जे विचारतं ते ब्लॉगवर कधीही येऊ देऊ नका. सगळा धोका तिथंच आहे. उदाहरणार्थ, “ताई, मसाल्याच्या गुठळ्या झाल्या.” तुम्ही लगेच लिहिता: ओला चमचा गेला असेल, नाहीतर गॅसशेजारी वाफेत बरणी ठेवली असेल. काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी, आतून खडखडीत कोरडी. तळाला हिंगाचा खडा. मसाला दाबून भरायचा. रोजच्या वापराचं छोट्या डबीत काढायचं, मोठी बरणी महिन्यातून दोनदाच उघडायची. उजेडात रंग उडतो, म्हणून काच असेल तर कपाटात. पावसाळ्यात जागा असली तर फ्रिजमध्ये. दुसरी विचारते, “मुलं लहान आहेत, तिखट कमी पण रंग लाल पाहिजे.” तुम्ही सांगता: मग बेडगी तीन वाटे आणि संकेश्वरी एक. रंग बेडगी देते, जाळ संकेश्वरी. तिसरी विचारते, “अर्धा किलो चौघांना किती दिवस जातो?” दिवसाला तीन छोटे चमचे धरले तर आठेक ग्रॅम, म्हणजे दोन महिने.

हे तिन्ही लेखच आहेत, फक्त त्यांना मथळा नाही. मथळा द्याल, खाली अर्धा किलोच्या पाकिटाचा दुवा जोडाल, तर मध्यरात्री गूगलवर ‘मसाल्यात गुठळ्या’ शोधणारी अनोळखी बाई थेट तुमच्या दारात येईल. हे होऊ द्यायचं नाही. उत्तर रोज नव्यानं, अंगठ्यानं, एकेकीला टाइप करायचं. आणि लेखात मालाचा दुवा द्यायचाच झाला तर बंद झालेल्या पाकिटाचा द्या.

याच कारणासाठी गूगलचं सर्च कन्सोल उघडू नका. लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले, याची सोळा महिन्यांची यादी ते फुकट दाखवतं. त्याऐवजी भेटी मोजणारं अ‍ॅनॅलिटिक्स बघा, आणि रोज पंधरा वेळा स्वतःचाच लेख उघडून आकडा वाढवा.

मोसमाचं भान ठेवा, म्हणजे उलटं. वर्षाच्या मसाल्याची तयारी मार्चपासून मेपर्यंत चालते, कारण मिरच्यांना कडक ऊन लागतं. नव्या लेखाला शोधात जागा मिळायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून जाणते दुकानदार तो जानेवारीतच टाकतात. तुम्ही मृगाच्या पहिल्या सरीनंतर टाका.

औषधी गुण विसरू नका. मसाल्यासोबत कोकमाचं आगळ विकत असाल तर ‘रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा कायमचा बरा’ असा मथळा हवाच. आगळात भरपूर मीठ असतं आणि रक्तदाबवाल्याला डॉक्टर मीठच कमी करायला सांगतात, ही किरकोळ बाब. जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत हे तिन्ही विकार आहेत. अन्नाच्या फसव्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. लेख म्हणजे काही जाहिरात नव्हे, असं अधिकाऱ्याला समजावून सांगता येईल, तुमचं बोलणं गोड असेल तर.

मालाखालचे अभिप्राय घरच्यांकडून लिहून घ्या: ‘खूपच छान, मी नेहमी इथूनच घेते’, पाठवणारी तुमचीच वहिनी, पाच वेळा, पाच नावांनी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत विक्रेत्यानं ग्राहक बनून अभिप्राय लिहायला बंदी आहे. त्याच नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं, असंही आहे. ते नाव ‘आमची गोष्ट’ या पानाच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत टाका.

आणि सातत्य. पहिल्या आठवड्यात सात लेख, दुसऱ्यात दोन, मग थेट दिवाळीच्या शुभेच्छा, सोबत वीस टक्के सवलतीचं कूपन. त्यानंतर काही लिहू नका. तो शुभेच्छांचा लेख मुखपृष्ठावर सगळ्यात वर राहील, तारखेसकट, पणतीसकट. दोन वर्षांनी रात्री अकरा वाजता कुणीतरी ते कूपन टाकून बघेल, चालणार नाही, आणि व्हॉट्सॲपवर विचारेल.

“ताई, ते जुनं आहे,” असं कळवा.

“बरं. मग अर्धा किलो चौघांना किती दिवस जातो?”

करा टाइप. अंगठा सरावलेला आहेच.