हुद्दा बदलून मिळेल

गेल्या महिन्यात आमच्या मनुष्यबळ विभागाने मला कळवले की यंदा पगारात काही करणे शक्य नाही, परंतु कामाचा वाढलेला व्याप लक्षात घेता हुद्दा मात्र बदलून मिळेल, आणि तो माझा मीच निवडून शुक्रवारपर्यंत कळवावा.

हिंजवडीत माझ्या हाताखाली पाच टीम आहेत: वेबसाइटची, मोबाईल ॲपची, डेटाबेसची, टेस्टिंगची आणि यंत्रातल्या चिपवर प्रोग्राम चढवणाऱ्यांची. हुद्द्यात ‘डेव्हलपमेंट’ घातले की टेस्टिंगवाले विचारतात, मग आम्ही इथे काय करतो. नुसते ‘सॉफ्टवेअर’ म्हटले की चिपवाले हातातले सोल्डरिंग गन उंचावून दाखवतात. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’चे काम कधीतरी संपणे अपेक्षित असते, माझे संपत नाही, ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ काय बनवायचे ते ठरवतो, मला ते ठरल्यावर कळते. ‘डायरेक्टर’ हा शब्द मला मनापासून आवडला होता, पण २०१३ च्या कंपनी कायद्यात डायरेक्टर म्हणजे संचालक मंडळाचा सदस्य, आणि गृहकर्जाच्या अर्जावर तसे लिहिले असते तर बँकेने माझा संचालक क्रमांक मागितला असता. अखेरीस ‘सीनियर मॅनेजर, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग अँड क्वालिटी, मल्टिपल प्लॅटफॉर्म्स’ असा कोणीही रुसणार नाही असा मजकूर मी तयार केला, आणि कळवण्यापूर्वी तो छापून कसा दिसतो हे पाहावे म्हणून गुरुवारी संध्याकाळी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात शिरलो. (कागद वाचवण्याच्या धोरणाखाली ऑफिसने व्हिजिटिंग कार्डे देणे बंद केले आहे, कार्डे मात्र ऑफिसच्याच बैठकांत मागितली जातात.)

छापखान्याच्या मालकांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला, स्टीलची पट्टी काढून कार्डाच्या नमुन्यावर ठेवली आणि म्हणाले, “कार्ड साडेतीन इंच. दोन्हीकडे समास सोडला की उरले तीन. यात हे सगळं एका ओळीत हवं असेल तर औषधाच्या बाटलीवरची मुदत छापतात तेवढ्या टायपात बसेल.”

“दोन ओळी करा.”

“करतो. पण आपण नेमकं करता काय?”

मी पाचही टीमचे वर्णन केले. ते शांतपणे ऐकत होते, म्हणून मला उत्साह आला आणि मी रोज सकाळच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीबद्दलही सांगितले.

“म्हणजे काम ते करतात.”

“हो.”

“आणि तुम्ही उभे राहता.”

झेरॉक्ससाठी थांबलेल्या एका विद्यार्थ्याने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते, हे मी अद्याप विसरलेलो नाही.

“कारखानीस छापू का?” मालकांनी विचारले.

“ते आडनाव आहे, काका.”

“आडनाव नंतर झालं. आधी तो हुद्दाच. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस. दाणागोटा, सामानसुमान, सगळं कारखानीस बघायचा. कोणाला काय कमी पडतंय ते पाहायचं. तुमचं दुसरं काय आहे? आठ शब्दांतही येत नाही, ते पाच अक्षरांत येतं!”

वाईट हे, की त्यांचे म्हणणे बरोबर होते. वर्षभरातले माझे बहुतेक दिवस कोणाला लॅपटॉप, कोणाला परवाना, कोणाला चाचणीसाठी जुना फोन मिळवून देण्यातच गेले आहेत. त्यांनी मग १६७४ चा राज्याभिषेकही काढला: तेव्हा मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव झाले, डबीर सुमंत झाले. हुद्दे बदलण्याची परंपरा जुनी आहे, असे म्हणून त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि विचारले, “पगार किती वाढला?”

“वाढला नाही.”

“मग जुनीच कार्डं संपवा की.”

माझी जुनी कार्डे संपलेली होती, हे सांगूनही त्यांचा चेहरा बदलला नाही. मी केवळ नाव आणि फोन नंबर असलेली शंभर कार्डे सांगितली. नावाखाली त्यांनी न विचारता एक मोकळी ओळ सोडली. “हाताने लिहीत जा,” म्हणाले, “तुमच्याकडे सारखं बदलतं.”

शुक्रवारी मी शहाण्यासारखा ‘सीनियर मॅनेजर, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ एवढाच हुद्दा कळवला. चिपवाले दोन दिवस बोलले नाहीत. सोमवारी नवे ओळखपत्र आले. ते बनवणारी यंत्रणा इंग्रजीतली वीस अक्षरे मोजते, त्यात स्वल्पविराम आणि मोकळ्या जागाही धरते, आणि पुढचे कापून टाकते; त्यामुळे माझ्या गळ्यात आता ‘सीनियर मॅनेजर, सॉफ्ट’ असे लटकते आहे. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर उत्तर आले की ओळखपत्रातील दुरुस्ती हा हुद्द्यातील बदल धरला जातो आणि तो वर्षातून एकदाच मिळतो. माझा यंदाचा झाला आहे.