मायनं आज पाइप विकले

सकाळी आठच्या सुमारास भंगारवाल्याची गाडी दारात थांबली आणि मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत मायनं सौदा करूनही टाकला होता. खळ्यामागं निंबाखाली पडलेले पीव्हीसीचे पाइप. तीन इंची, वीस फुटी. आबांनी, म्हणजे वडिलांनी, ४० आणले होते, २१ उरले होते. बाकीचे इतक्या वर्षांत मोरीला, पन्हाळीला, कुणाकुणाच्या लग्नाच्या मांडवाला गेले. उन्हानं पांढरे पडलेले, हातात धरलं की बिस्किटासारखे तुटतात. १९ गाडीत चढले. १३४० रुपये आले. मायनं नोटा दोनदा मोजल्या, पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "लाडकी बहीणना एक हप्ताइतला बी नही उनात रे भाऊ."

मी हसलो. मग चहा घेता घेता ग्रुप उघडला, तर आमचा एक जुना मित्र, प्रताप कॉलेजला माझ्याबरोबर बाकावर बसणारा, आता हिंजवडीत असतो, त्यानं लिहिलं होतं की पंधराशे रुपयांत मत विकणाऱ्यांना धरण आणि रस्ते मागायचा हक्क नाही. खाली १७ अंगठे. त्यातले तीन आपल्याच अमळनेर तालुक्यातले.

तिथं उत्तर लिहिलं असतं तर शिवी गेली असती. म्हणून इथं लिहितोय.

त्या पाइपांची गोष्ट आधी ऐका. नव्वदीच्या दशकाचा शेवट. तापीवरच्या पाडळसऱ्याच्या धरणाची हवा होती. तापी आपल्या उशाशी, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो, हे आता संपणार असं जो तो सांगत होता. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एका सभेला गेलो होतो. कोण बोललं ते आता जाऊ द्या, नाव घेण्यात अर्थ नाही, त्यानंतर तसंच बोलणारे डझनभर येऊन गेले. आबा घरी आले ते हिशेब करतच. त्या वर्षी कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत घातला होता, त्याचा चुकारा हातात पडला होता. माय म्हणत होती घरावर पत्रे टाकू. आबा म्हणाले, "पानी यी तव्हय पाइपना भाव वाढी जाई, आत्तेच लई ठेवू."

बघा बरं, किती बरोबर हिशेब होता. अर्थशास्त्राचा कुठला प्राध्यापक चूक काढेल त्यात? माणसानं सरकारच्या शब्दावर भरवसा ठेवून पुढची तजवीज केली. पाणी काही आलं नाही. धरणाचा खर्च सुरुवातीला दीडशे कोटींच्या आतबाहेर सांगत होते, तो हजारो कोटींवर गेला. पत्रे मी टाकले, २०११ ला. आबा गेले.

आता २०२४ कडे या. जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू, महिन्याला पंधराशे. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आसपास मायच्या मोबाइलची पहिली टुणटुण वाजली, दोन हप्ते एकदम. २० नोव्हेंबरच्या मतदानाआधी पाच हप्ते म्हणजे साडेसात हजार खात्यात. त्यावर २१०० करू असं आश्वासन. आणि समोरच्यांनी काय सांगितलं होतं? ३००० देऊ! हिंजवडीवाल्या भाऊ, जरा डोकं चालव. आमच्या बाया मत विकायलाच निघाल्या असत्या तर तीन हजारवाल्याला विकलं असतं ना? दुप्पट भाव सोडून कोण माल देतं? जळगाव जिल्ह्यातल्या ११ च्या ११ जागा पंधराशेवाल्यांकडं गेल्या. याला तू लाचारी म्हणतोस, मी याला पाइपांचा धडा म्हणतो. बोललेले तीन हजार आणि दिलेले पंधराशे यातला फरक आमच्या बायांना कळतो, कारण बोललेल्या पाण्यासाठी आणलेले पाइप त्यांच्या खळ्यामागं पडलेले होते.

(मायनं मत कुणाला दिलं ते तिनं मला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणते, तू सांगस का मले?)

हां, मान्य. पंधराशेनं विहिरीला पाणी येत नाही. राज्याच्या तिजोरीचं काय होतं तेही दिसतंय, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. त्यात धरणं झाली असती वगैरे. झाली असती का, हा माझा प्रश्न आहे. हे पैसे वाटले जात नव्हते तेव्हा कुठं झाली?

कारण पुढाऱ्याचाही हिशेब पक्का आहे. धरणाला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि आमदारकी पाच वर्षांची. आज याने पैसा घालायचा आणि पाणी सोडताना बटण दाबायला दुसराच यायचा, असा धंदा कोण करेल? हप्ता मात्र याच्याच सहीनं, याच्याच फोटोसकट जातो. आम्ही लवकर मिळेल ते मागतो, तो लवकर देता येईल ते देतो. दोघंही शहाणे, आणि नदीकाठी शिवार कोरडं.

तारखा बघत चला फक्त. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा शेतकरी ओरडून थकला. उठवली कधी? ४ मे २०२४ ला. आपल्या जळगाव-रावेरचं मतदान १३ मेला होतं, धुळ्याचं २० ला. आणि कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं १९ ऑगस्ट २०२५ ला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आमची वेचणी होऊन कापूस बाजारात यायची नेमकी वेळ. तेव्हा विधानसभा, लोकसभा दोन्ही उरकलेल्या होत्या. स्वस्त कापूस हवा असलेले गिरणीवाले मोजके असतात, एकत्र असतात, दिल्लीला जाऊन बसतात. आम्ही लाखांनी आहोत आणि प्रत्येक जण आपापल्या धुऱ्यावर.

कर्जमाफीचंही तेच. २००८, २०१७, २०१९. आबा मार्चअखेर आला की उसनंपासनं करून सोसायटीचं कर्ज भरायचे, म्हणून माफीच्या यादीत नाव कधीच नाही. गावात त्यांना 'नियमित' म्हणायचे, टोमणा म्हणून. २०२४ च्या जाहीरनाम्यात परत माफी आली आणि पुढच्या मार्चला आमच्या आळीत कुणी सोसायटीकडं फिरकलं नाही. मीही नाही. हो, मीही नाही, आबा असते तर बोलले असते.

थोडा शांत झालोय. चहा परत आला.

पैसे वाटणं वाईटच असतं असं मला म्हणायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी पुढं रेटलेली गोष्ट, १९७७ ला कायदा झाला, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईचा कारकून आणि खान्देशची मजूर बाई एका दोरीनं बांधली गेली. आजीला दाम मिळाला आणि गावाला पाझर तलाव. त्या तलावाखालच्या दोन विहिरी अजून फेब्रुवारीपर्यंत साथ देतात. दाम मिळून मागं काहीतरी उरतंसुद्धा, हे आपल्याच राज्यानं करून दाखवलंय. पंधराशेमागं काय उरेल, ते मला अजून दिसत नाही, एवढं तुझं खरं.

अजून एक सलतं. आधारचा देशातला पहिला नंबर दिला तो आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हा आम्हाला अभिमान वाटला होता. त्याच वाटेनं आता मुंबईतून सुटलेला पैसा सरळ मायच्या खात्यात येतो. मधला खाणारा गेला, छान झालं. पण मधला विचारणाराही गेला. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ ला संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक. कुणी मोर्चा काढला? कुणाला सदस्याची आठवण आली? हप्ता येत होता ना. गावातल्या पुढाऱ्याकडं आता कुणी काम घेऊन जात नाही, तो फक्त बॅनरवर वाढदिवसाला दिसतो.

आणि धीर धरायचं आम्हाला शिकवू नका. आमच्या अमळनेरात १९४५ ला तेलाची मिल निघाली, तिची पुढं विप्रो झाली. ज्यांनी ते शेअर पेटीत ठेवून विसरल्यासारखे जपले, त्यांच्या घरच्या गोष्टी तालुक्यात सगळ्यांना माहीत आहेत. इथले लोक वाट बघू शकतात, पंचवीस-तीस वर्षंसुद्धा. समोरच्यानं शब्द पाळायला पाहिजे. आबांनी शेअरऐवजी पाइप घेतले, एवढीच त्यांची चूक.

माय पुढच्या वर्षी पासष्टी ओलांडेल. मग योजनेतून नाव जाईल. त्या १३४० मधले सातशे तिनं दुपारीच बोरवाल्या इलेक्ट्रिशियनला दिले, स्टार्टर जळालंय.

हिंजवडीवाल्या, तुझा राग नाही. दिवाळीला ये, पाडळसऱ्याच्या पुलावर जाऊन बसू.

एकवीसातले दोन पाइप तिनं दिले नाहीत. भंगारवाला आणखी पैसे देत होता, तरी नाही. मला वाटलं, आबांची आठवण. नाहीतर पाणी आलंच तर, असं काही मनात असेल. गळा दाटला थोडा. म्हणून विचारलं, हे कशाला ठेवले?

"दोडकाना वेलले लागतीन."