१९९४च्या कॅसेटमधून काढलेल्या बाबांच्या फोटोबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमधून बाबांचा फोटो काढून वर्षश्राद्धासाठी १२×१८ इंचांची फ्रेम हवी होती. आम्ही ५×७चा ‘छोटा आणि धुरकट’ फोटो दिला, व्हिडिओतलं नेमकं चित्र, म्हणजे ‘फ्रेम’, शोधायचे वेगळे पैसे लावले, आणि भाच्याने मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून त्याहून स्वच्छ फोटो फुकटात करून दिला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही फोटोही जोडलेत. बाबांचा एकही धड फोटो घरात नाही, हे तुम्ही दुकानात सांगितलं होतं. त्यामुळे तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते समजतं, आणि म्हणूनच दोन ओळींत उत्तर संपवत नाही.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीची कॅसेट डिजिटल केली की एक फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची मिळते. व्हीएचएसच्या टेपवर तेवढाही तपशील नसतो. आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा असतो, आणि रंग त्याहून ढोबळ. १२×१८ची प्रिंट कडक यायला मात्र ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. शिवाय पाठवणीचा एक क्षण सोडला (त्याबद्दल शेवटी लिहिलंय), तर कॅसेटमध्ये बाबा कुठेही एकटे, जवळून आलेले नाहीत. मंगलाष्टका चालू असताना ते अंतरपाटाच्या बाजूला नातेवाइकांमध्ये उभे आहेत, आणि तिथे कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांचा चेहरा साधारण ८० पिक्सेलचा आहे. नेहमीच्या ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर तो पाव इंचाचा होतो. तोच ताणून मोठ्या फ्रेममध्ये आठ इंचांचा केला, तर एकेक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा होईल. फोटो पार फाटेल. म्हणून ५×७ सुचवला, बाबा कमरेपर्यंत दिसतील असा कट घेतला आणि चेहरा सव्वा इंचाच्या आसपास ठेवला. ऑर्डर घेतानाच हे बोलणं झालं होतं आणि पावतीवरही ५×७च लिहिलेलं आहे.

आता व्हिडिओतली फ्रेम शोधण्याच्या पैशांबद्दल. व्हिडिओ थांबवून बटण दाबलं की फोटो मिळाला, असं बाहेरून वाटतं. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते: विषम रेषांचं एक, सम रेषांचं दुसरं. दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. बाबा अक्षता टाकायला हात उचलतात तेव्हा तेवढ्या वेळात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून थांबवलेल्या चित्रात हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. एक अर्ध चित्र काढून टाकलं तर दाते जातात, पण चेहऱ्याच्या निम्म्या रेषाही जातात.

त्यामुळे बाबा हलत नाहीत अशी जागा शोधावी लागते. दोन मंगलाष्टकांच्या मधे, ‘सावधान’ होऊन गेल्यावर, ते क्षणभर अगदी स्तब्ध आहेत. तिथल्या लागोपाठच्या फ्रेम एकमेकींवर बिनचूक बसवून त्यांची सरासरी काढली. टेपचे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या ठिकाणी पडतात, चेहरा मात्र तिथेच असतो. अशा नऊ फ्रेम एकत्र केल्या की दाणे एक तृतीयांशावर येतात. हे काम माणूस बसून करतो. पैसे त्याचे आहेत.

भाच्याने कौतुकाने केलं, त्याला माझा आक्षेप नाही. पण त्याने स्क्रीनशॉट पेनड्राइव्हमधल्या एमपी४ फाइलवरून घेतलेला दिसतो. ती टीव्हीवर बघण्यासाठी दाबून लहान केलेली प्रत आहे. तिच्यात अधूनमधूनच पूर्ण चित्र साठवलेलं असतं, बाकी फ्रेममध्ये नुसते बदल नोंदवलेले असतात. शेजारच्या ‘मास्टर’ फोल्डरमध्ये मोठी फाइल आहे. फोटो नेहमी तिच्यातूनच काढावा.

आणि भाच्याचा फोटो स्वच्छ दिसतो, तो फोटो सुधारणाऱ्या ॲपमुळे. तुम्हीच जोडलेले दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. कॅसेटमध्ये बाबांच्या चष्म्याची फ्रेम जाड, काळी आहे. ॲपने ती बारीक केली. मिशीची डावी बाजू जरा वर चढलेली होती, ती सारखी झाली. डोळ्यांच्या पापण्या तर टेपवर नाहीतच, त्या ॲपने स्वतःच्या अंदाजाने काढल्या. हे ॲप आमच्याकडेही चालवता आलं असतं आणि १२×१८ची फ्रेम विकून जास्त पैसेही मिळाले असते. पण ज्या फोटोला घरातली माणसं हार घालून नमस्कार करणार, त्यात दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवणं मला मान्य नाही. पुढेही आम्ही ते करणार नाही.

मोठा फोटो मिळायची आशा मात्र अजून आहे. त्या काळी शूटिंगवाले मूळ कॅसेटवरून कॉपी काढून गिऱ्हाइकाला देत, आणि प्रत्येक कॉपीत चित्र आणखी उतरायचं. तुमची कॅसेट कॉपीच वाटते. लग्नाचं शूटिंग ज्यांनी केलं त्यांच्याकडे मूळ कॅसेट आहे का, विचारा. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे लग्नात फोटोग्राफर असणारच. ३५ मिलिमीटरची एक निगेटिव्ह सापडली, तर अख्ख्या कॅसेटमध्ये नाही इतका तपशील तिच्यात मिळेल, मग बाबा ग्रुपमध्ये कडेला उभे असले तरी चालेल. माहेरी, मामांकडे, व्याह्यांकडे अल्बमच्या मागच्या कप्प्यात निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात, तिथे बघा. हाताने पुसू नका, आहेत तशा आणा.

पाठवणीच्या वेळी कॅमेरा बाबांच्या जवळ गेला आहे आणि तिथे चेहरा बराच मोठा मिळतो. पण ते डोळे पुसत आहेत, म्हणून ती फ्रेम आम्ही स्वतःहून घेतली नाही. तुम्हाला चालणार असेल तर दुकानात येऊन मोठ्या स्क्रीनवर बघा आणि तुम्हीच ठरवा. ती काढायचे किंवा निगेटिव्ह स्कॅन करायचे पैसे घेणार नाही, फक्त प्रिंटचे द्या. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.