त्या दोन डिस्क कुठल्या?

नवीन सर्व्हरसाठी 8 टीबीच्या 6 डिस्क मागवल्या, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी भोळेपणाने कागदावर लिहिलं, 'वापरायला मिळणारी जागा : 29 टीबी', आणि तो कागद हिशेब बघणाऱ्या काकांच्या टेबलावर गेला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सहा आठे अठ्ठेचाळीस ना हो?"

म्हटलं, हो काका, पण रेड-झेड-2 लावतोय, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायच्या 'रेड' पद्धतीचा एक प्रकार, त्यात दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत जुळवायच्या जादा माहितीला जाते, कुठल्याही दोन मेल्या तरी डेटा वाचतो. त्यावर काका, "म्हणजे 32. मग 29 का?" आता डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर 1024 ने, त्यात माझा काय दोष? पण काका माझ्याकडे असे बघत होते की मधले तीन टीबी मीच घरी नेलेत.

"बरं, ते सोडा. त्या रिकाम्या बसणाऱ्या दोन डिस्क कुठल्या?"

"रिकाम्या नाहीत काका. पॅरिटी सहाही डिस्कवर थोडी थोडी पसरलेली असते."

"हो, पण कुठल्या दोन?"

"तशा कुठल्याच नाहीत."

"मग रजिस्टरात काय लिहू? दोन डिस्क आहेत पण नाहीत?"

तसं बघितलं तर अगदी बरोबर वर्णन होतं ते, पण मी मान्य केलं नाही.

'एकाच डिस्कची पॅरिटी ठेवा' हा सल्लाही झाला. सहाही डिस्क एकाच खेपेतल्या, एकाच दिवशी चालू होणार. एक गेली की नवीन डिस्क भरून निघेपर्यंत बाकीच्या पाचजणी तासन्‌तास, कधी दिवसभर घासल्या जातात आणि नेमकी तेव्हाच दुसरी मान टाकू शकते. मनातून मला खरं तर मिररच्या तीन जोड्या, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा, अशा हव्या होत्या, वेग चांगला, भरून निघायलाही पटकन, पण त्यात एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सहाही डिस्कचा मिळून अख्खा साठा बुडतो आणि जागा थेट निम्मी, 24. ती तर काकांसमोर उच्चारायचीही सोय नव्हती. 1988 च्या ज्या रिसर्च पेपरात रेड (RAID) मांडलं त्यात त्या नावातला 'आय' म्हणजे इनएक्स्पेन्सिव्ह, स्वस्त, होता. पुढे लोकांनी गुपचूप इंडिपेंडंट केला. का ते बिल बघून कळलं.

मग मी बॅकअपची वेगळी मागणी पुढे केली. काका खुर्चीतून उठलेच. "इतकं सगळं करून परत बॅकअप?" अहो, कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो सहाही डिस्कवरून इमानदारीत उडतो, रेड काय करणार? पण ऐकतंय कोण. डेटा गेला की मात्र हेच सगळे माझ्या टेबलाभोवती कोंडाळं करून 'तुम्ही काही केलं नव्हतं का' विचारणार. तेव्हा कोणी सहा आठे करत नाही. बॅकअपचा कागद अजून त्यांच्या ट्रेमध्येच आहे.

शेवटी सही मिळावी म्हणून मी हार मानली. तिसऱ्या आणि पाचव्या डिस्कवर 'राखीव' असे स्टिकर चिकटवले आणि रजिस्टरात तसे नंबर दिले. काका खूश, सही झाली.

आज सकाळी स्वतः सर्व्हर बघायला आले. दहा मिनिटं वाकून दिवे न्याहाळले आणि मला हाक मारली.

"अहो, या राखीव दोन लुकलुकतायत. कोणीतरी वापरतंय!"