अडीच किलो भेंडी

शनिवारी पहाटे साडेपाचला दादर पश्चिमेला, केशवसुत पुलाजवळ, पुन्हा एकदा माझी फजिती झाली. भेंडी इतकी कोवळी होती की हात गेलाच. भाजीवाला म्हणाला, "मावशी, अडीच किलोच्या खाली नाय." आमच्या घरात खाणारी माणसं दोन, त्यातल्या एकाला भेंडी बुळबुळीत लागते. तरी घेतली. इमारतीखालच्या गाडीपेक्षा निम्म्याहून कमी भाव, सोडवतं का?

मंगळवारी त्यातली किलोभर काळी पडून ओल्या कचऱ्यात गेली.

"दादरला भाजी स्वस्त" हे आपण सगळेच सांगतो. का स्वस्त, ते कुणी सांगत नाही. सेनापती बापट मार्गावर पहाटे भरतो तो बाजार मुळात दोन माणसांच्या घरासाठी नाहीच. भाजीचा घाऊक बाजार १९९६ साली भायखळ्याहून वाशीला गेला, तरी दादर काही हललं नाही. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हापासून शेतकऱ्याला माल तडक शहरात आणायलाही आडकाठी नाही. टोमॅटो कॅरेटने, फ्लॉवर गोणीने, कोथिंबीर शेकड्याने. घेणारे खानावळवाले, हातगाडीवाले आणि नाक्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बायका. आपण मधेच पिशवी घेऊन घुसतो आणि हमालाच्या शिव्या खातो.

उजाडल्यावर भाव पडतो तोही आपल्या घासाघिशीने नव्हे. ऊन चढलं की मेथी मान टाकते, रस्ताही मोकळा करून द्यायचा असतो, म्हणून विकणाराच घाईला येतो. (आमच्या ह्यांना हे पटत नाही. पाच रुपये कमी करून आणले की दिवसभर घरात शिवाजी पार्कवर सभा जिंकल्यासारखे वावरतात.)

म्हणून नाक्यावरची बाई दुप्पट भावाने पावशेर देते तेव्हा "लुटते" म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. ती दहा किलो उचलते, वाहून आणते, निवडते, पाणी मारते, आणि उरलेलं सडतं ते तिच्या टोपलीत. माझी किलोभर भेंडी सडली ती माझ्या फ्रिजमध्ये. वरचे पैसे ती ह्याचेच घेते.

मग आमच्या आईला दादर कसं परवडायचं? लालबागच्या चाळीत, खोलीत सहा माणसं, ते तर होतंच. पण खरी गंमत गॅलरीत व्हायची. एकीने जायचं, चौघींचं आणायचं. जुना पेपर पसरून वाटे घालायचे. काटा नाही, नुसत्या नजरेने. नियम एकच: वाटे घालणारीने आपला वाटा शेवटी उचलायचा. भांडणं व्हायचीच. मागच्या वेळी मातीवाली कोथिंबीर माझ्याच वाट्याला आली होती, हे कुणीतरी महिनाभर लक्षात ठेवायचं. पण पालेभाजी कधी टाकून दिलेली मला आठवत नाही.

आता त्याच जागी बावीस मजले आहेत. माणसंही बरीचशी तीच, फक्त लिफ्टमध्ये मोबाईलकडे बघतात. रविवारी मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "कोवळी भेंडी जास्तीची आहे, कुणाला हवी?" तीन अंगठे आले. एकीने विचारलं, "ऑरगॅनिक आहे का?" एकांनी आठवण करून दिली की ग्रुप फक्त देखभालीच्या निरोपांसाठी आहे. भेंडी न्यायला कुणी आलं नाही.

काल मात्र चौदाव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. आईच्याच चाळीतल्या, चौघींपैकी एक. म्हणाल्या, "शनिवारी जाशील तेव्हा माझंही आण. वाटे तू घाल."