खर्च फिटला की वाढ थांबायला हवी

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधल्या आपल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. रेंट-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेल्या घरात राहणाऱ्यांकडे ‘एमसीआय’ची (मेजर कॅपिटल इम्प्रूव्हमेंट, म्हणजे बिल्डिंगच्या मोठ्या सुधारणेपोटी भाडेवाढ) नोटीस येते आणि आपली माणसं ती न वाचताच वाढीव भाडं भरायला लागतात.

मालकाने अख्ख्या बिल्डिंगसाठी नवा बॉयलर, छप्पर, खिडक्या असं मोठं काम केलं की त्याचा खर्च भाड्यात चढवायची परवानगी न्यूयॉर्क राज्याचं डीएचसीआर हे घरांचं खातं देतं. साधी डागडुजी त्यात बसत नाही. जून २०१९ पर्यंत ही वाढ कायमची असायची, शहरात वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत. भाडेकरू लढले, कायदा बदलला. आता मर्यादा २ टक्के आहे आणि ३० वर्षांनी वाढ काढून टाकावी लागते.

पण ३० वर्षं का? ६० घरांची बिल्डिंग धरा, बॉयलरचा खर्च दीड लाख डॉलर. ३५ पेक्षा जास्त घरं असली की खर्च साडेबारा वर्षांवर विभागतात. म्हणजे महिन्याला हजार डॉलर, घरामागे सरासरी १७च्या आसपास. साडेबारा वर्षांत दीड लाख फिटले. त्यानंतरही साडेसतरा वर्षं ते हजार डॉलर चालूच! एकूण ३ लाख ६० हजार. शिवाय प्रत्येक नव्या लीजला रेंट गाइडलाइन्स बोर्डाची (अशा घरांची भाडेवाढ ठरवणारं शहराचं मंडळ) टक्केवारी या वाढलेल्या भाड्यावर लागते, ती वेगळीच. मालकाचे कर, विमा, इंधन सगळं महाग झालंय, मान्य. कर्जाचं व्याजही त्याला मिळू दे. पण दुपटीहून जास्त कशासाठी?

आपल्या महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात सुधारणेपोटी भाडं वाढवायचं तर ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. इथे एमसीआयला आपली संमती कोणी विचारत नाही. डीएचसीआरला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात, तेवढेच. ते वाया घालवू नका. काम खरंच झालंय का, बिलं बरोबर आहेत का ते बघा. शहराने धोकादायक ठरवलेल्या त्रुटी बिल्डिंगमध्ये तशाच पडून असतील तर वाढ मंजूर होऊ शकत नाही, हे उत्तरात ठासून लिहा.

आणि लीज आईवडिलांच्या नावावर असेल, वय ६२ किंवा त्याहून जास्त आणि घराचं उत्पन्न वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत असेल, तर ‘स्क्री’चे (ज्येष्ठांना भाडेवाढीतून सूट देणारी शहराची योजना) बाकीचे नियम वाचून अर्ज करा. मंजूर झाला तर भाडं गोठतं, एमसीआयसुद्धा त्यात येतं.

नोटीस आली असेल तर शेजाऱ्यांना गाठा, एकत्र उत्तर द्या. कागद समजत नसतील तर मला मेसेज करा, बसून वाचू.